समस्त शुभेच्छुक

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाट्यापासूनच माणसं आपल्याकडे बघून हसायला लागतात. ओळख ना पाळख. हात जोडलेले, कपाळाला टिळा, डोळ्यांवर गॉगल, आणि मनगटावरचं घड्याळ दिसेल अशा बेताने बाही मागे घेतलेली. शिरढोण येईतो एक कार्यसम्राट, दोन युवा हृदयसम्राट, एक विकासपुरुष आणि ‘भावी आमदार’ या पदावर वर्षानुवर्षं कायम असलेले एक गृहस्थ भेटून जातात. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. इंग्रजांविरुद्ध उठलेला आणि १८८३ साली एडनच्या कैदेत मेलेला माणूस. त्यांचं स्मारक गावात आहे, पण तिथे विचारत विचारत जावं लागतं. वाढदिवसवाल्यांचा पत्ता विचारावा लागत नाही. ते स्वतःच विजेच्या खांबाला बांधून घेऊन आपली वाट बघत असतात.

पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. म्हणजे दिसायला हवा. साहेबांच्या उजव्या कानामागून त्याचं टोक वर आलेलं असतं, त्यावरून किल्ला अजून जागेवर आहे एवढं कळतं.

फ्लेक्स नुसता बघून भागत नाही, तो वाचावा लागतो. सगळ्यात वर महापुरुष. ते सगळ्यांचे असल्यामुळे कुणाचेच नसतात, म्हणून ते लहान. त्यांच्या खाली पक्षाचे दिल्लीचे नेते गोल चौकटींत, मग मुंबईचे, मग जिल्ह्याचे. मधोमध उत्सवमूर्ती, कमरेपर्यंत. कुणाचं वर्तुळ गेल्या दिवाळीपेक्षा दोन बोटं बारीक झालं, कुणाचं डावीकडून उजवीकडे गेलं, कोण अजिबातच उडालं, यावरून तालुक्याचं राजकारण जेवढं कळतं तेवढं पेपर वाचून कळत नाही. आणि सगळ्यात खाली ती पासपोर्ट फोटोंची रांग: शुभेच्छुक. तीस-चाळीस चेहरे, प्रत्येकाच्या नावामागे ‘शेठ’ किंवा ‘भाऊ’, आणि जागा उरलीच तर ‘समस्त ग्रामस्थ मंडळ’. छापणाऱ्याकडे आराखडा तयार असतो. भगवा, निळा, हिरवा, तिरंगी. मुंडकी तेवढी बदलायची.

आता यातलं एक अक्षर तरी कुणाला खरं वाटतं का? कार्यसम्राटांचं कार्य कोणतं, हे कार्यसम्राटांच्या घरी विचारलं तरी तिथे शांतता पसरेल. तरीही वर्षाचे बारा महिने हा कारखाना चालू आहे. प्रचार म्हणजे लोकांना खोटं पटवणं, अशी आपली समजूत असते. पण इथे कुणाला काही पटवायचा प्रयत्नच दिसत नाही. मग एवढा खर्च कशासाठी?

कर्नाळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक चहा-वडापावची टपरी आहे. टपरीवर मालकाने हौसेने रंगवून घेतलेली पाटी होती. आता तिच्यावरून एक दहा बाय पंधराचा वाढदिवस आडवा गेलाय.

“तुमची पाटी झाकली की हो.”

“झाकली तर झाकली. आपलीच पोरं हायेत.”

“मग सांगा ना त्यांना, जरा बाजूला बांधा म्हणून.”

मालक हसले. “सांगायचं ते दुसऱ्या कुणी सांगू दे. आपल्याला इथंच धंदा करायचाय.”

चहा पिता पिता खालची रांग न्याहाळली तर तिसऱ्या ओळीत खुद्द मालक. शर्टाची बटणं लावलेले, जरा तरुण.

“फोटो छान आलाय. कधी काढलात?”

“काढला कुठं? डीपीवरनं उचलला त्यांनी.”

म्हणजे स्वतःच्या पाटीवर बसलेल्या फ्लेक्सचे स्वतःच शुभेच्छुक. तेही परस्पर.

चेकोस्लोव्हाकियात १९७८ साली वाक्लाव हावेल नावाच्या नाटककाराने असाच एक दुकानदार निबंधात उभा केला होता. भाजीवाला. दुकानाच्या काचेत कांदे आणि गाजरांच्या मध्ये तो एक फलक लावतो: जगातल्या कामगारांनो, एक व्हा. जगातले कामगार एक झाले काय आणि दोन झाले काय, त्याला सोयरसुतक नाही. फलक भाज्यांबरोबरच वरून आलाय, सगळे लावतात, न लावला तर चौकशी होते. हावेलचं म्हणणं असं की त्या फलकाचा खरा मजकूर निराळाच आहे: मी सांगितलं ते ऐकतो, मला त्रास देऊ नका. आणि हे एवढ्या उघड शब्दांत लिहायला लावलं असतं तर भाजीवाल्याला लाज वाटली असती. कामगारांच्या एकीमुळे ती लाज झाकली जाते. आपल्याकडे हे काम ‘अभीष्टचिंतन’ करतं.

सीरियात हाफिझ असद यांच्या काळात याच्याही पुढे मजल गेली होती. लिसा वेडीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिथे राहून नोंदी केल्या. राष्ट्राध्यक्ष हे देशातले सर्वश्रेष्ठ औषधनिर्माते आहेत, असंही तिथे जाहीर केलं जाई. ते होते लष्करी वैमानिक. म्हणणाऱ्याला ठाऊक होतं, ऐकणाऱ्याला ठाऊक होतं, आणि म्हणणाऱ्याला ठाऊक आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक होतं. वेडीनबाईंचा निष्कर्ष असा की थाप जेवढी अचाट तेवढी ती कामाची. खरी गोष्ट कुणीही कबूल करतो. न पटणारी गोष्ट चारचौघांत म्हणायला लावली, तरच माणूस ताब्यात आला याची खात्री पटते. आपले सम्राट एवढे पुढे गेलेले नाहीत. अजून तरी कुणाच्या फ्लेक्सवर औषधनिर्माते वाचलेलं नाही.

हाइफेंग हुआंग यांनी चीनमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सरकारी प्रचाराचे धडे ज्यांच्या जास्त तोंडपाठ, ते सरकारवर जास्त खूश असतील असा आपला अंदाज. तसे ते नव्हते. मात्र सरकार बळकट आहे, आपल्याला भारी आहे, असं त्यांना जास्त वाटत होतं आणि विरोधात उतरायची तयारी कमी होती. म्हणजे धडा पटला नव्हता, पण एवढा कंटाळवाणा धडा एवढ्या जणांकडून घोकून घेऊ शकणारा माणूस किती ताकदीचा असेल, हे बरोबर पोचलं होतं. पळस्पे ते कर्नाळा एवढ्या अंतरात तेच पोचतं. जो रातोरात पन्नास खांबांवर चढतो आणि ज्याला उतरवायला एकही पालिका कर्मचारी किंवा ग्रामसेवक येत नाही, त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही. निरोप एवढाच. त्यासाठी ‘विकासपुरुष’ या शब्दावर विश्वास असायची गरज नाही.

(फ्लेक्सचं पुढे काय होतं तेही सांगून टाकतो. पावसाच्या तोंडावर ते उतरतात आणि पेंढ्यावर, लाकडांच्या ढिगावर, गळक्या कौलांवर जातात. पाणी अडवायला उत्तम. साहेबांच्या कारकिर्दीत लोकांच्या डोक्यावर झालेली ही एकमेव सोय, आणि ती निवडणूक संपल्यावर मिळते.)

बेकायदा फलक काढा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल ३१ जानेवारी २०१७ चा आहे. सातारच्या एका संस्थेच्या याचिकेवर तो आला. आमचे कार्यकर्ते असले फलक लावणार नाहीत, अशा हम्या पक्षांनी न्यायालयाला लिहून दिल्या. त्यानंतर हा कायदा मोडणारे कोण, हे शोधायला पोलिसांना फार कष्ट नकोत. नाव, फोटो, पद आणि बऱ्याचदा मोबाईल नंबर जागेवरच छापलेला असतो.

पण या रस्त्यावरचा सगळ्यात जुना प्रचार फ्लेक्सचा नाही. तो खुद्द रस्त्याचा आहे.

पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला. त्या साली जन्मलेलं पोर दहावीच्या वर्गात आलं तरी रस्ता काही उत्तीर्ण झाला नाही. कर्नाळा अभयारण्यातला टप्पा वनखात्याच्या परवानग्यांत अडकला, पुढे ठेकेदार बदलले, भूसंपादन रखडलं, चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधत असलेला उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळला. आणि दरवर्षी श्रावण लागला की मंत्र्यांचा पाहणी दौरा निघतो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नकाशा, आजूबाजूला मान डोलावणारे अभियंते. २०२३ च्या गणपतीपूर्वी एक मार्गिका पूर्ण होणार, असं तेव्हाचे बांधकाममंत्री रवींद्र चव्हाण सांगत होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये नितीन गडकरींनी जूनचा वायदा केला. जून आला, जून गेला, गणपती आले, आणि चाकरमानी पुन्हा माणगावात अडकून बसले.

गंमत अशी की ऐकणारे आपण दरवर्षी हसतो आणि दरवर्षी विचारतो: यंदा म्हणे बराच झालाय? हे ‘म्हणे’ कुठून येतं? १९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या तिघांनी विद्यार्थ्यांना साठ-साठ विधानं तीन वेळा, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने वाचून दाखवली आणि खरी वाटतात का ते विचारलं. जी विधानं पुन्हा पुन्हा आली ती दर खेपेस जास्त खरी वाटू लागली. खरी असोत वा खोटी. कानाला सवय झाली की मनाची निम्मी हरकत संपते. पंधरा वर्षं ऐकल्यावर ‘अंतिम टप्प्यात’ हे शब्द ऐकून आपल्याला राग येत नाही, किंचित गुदगुल्या होतात.

तारखेचं खरं काम मात्र वेगळंच आहे. मंत्र्यांनी तारीख दिली की आपण ‘कधी होणार’ विचारत बसतो. ‘का झाला नाही’ आणि ‘पैसे कुणी खाल्ले’ हे प्रश्न मागच्या सीटवर जातात आणि वडखळ येईतो झोपतात. चुकलेल्या तारखेवर विनोद करायची मुभा आहे. मीम बनवा, रील बनवा, काही हरकत नाही. विनोदही तारखेबद्दलच असतो, हिशेबाबद्दल नसतो, तोवर बांधकाम खात्याला धक्का लागत नाही. या सदरावरही हा आक्षेप घेता येईल. घ्यावा.

आता थोडं अभयारण्यात जाऊ. आत जाताना पिशवीतलं प्लास्टिक मोजतात, बिस्किटाच्या पुड्यासकट, आणि अनामत ठेवून घेतात; येताना मोजून परत दिलं की पैसे मिळतात. हायवेवर गाडीच्या खिडकीतून ताटली भिरकावणारा मुंबईकर इथे रिकामी बाटली जिवापाड सांभाळतो. कुठल्याही घोषवाक्याशिवाय. असो.

कर्नाळ्यात भृंगराज दिसतो. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. कोतवालाच्या कुळातला. दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढण्यात तरबेज. त्याच्या आफ्रिकेतल्या चुलतभावावर टॉम फ्लॉवर नावाच्या शास्त्रज्ञाने कालाहारीच्या वाळवंटात बरीच वर्षं घालवली. हा कोतवाल उंच फांदीवर बसतो. ससाणा आला की धोक्याची हाक देतो आणि खालचे सातभाई, मिरकॅट सगळे लपतात. ससाणा खरंच आलेला असतो. म्हणून त्याच्यावर विसंबतात. मग कधीतरी खाली कुणाला मोठा किडा सापडला की हा ससाणा नसतानाही तीच हाक देतो. सगळे पळतात, किडा जागेवर राहतो आणि कोतवाल खाली उतरतो. दिवसाच्या खाण्यातला जवळपास चौथा हिस्सा असा मिळतो. तीच हाक वारंवार दिली की खालचे सरावतात, पळत नाहीत. तेव्हा हा आवाज बदलतो. त्यांच्याच जातीची हाक काढतो.

खोट्या प्रचाराची एवढी नेटकी मांडणी राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडायची नाही. नुसतं खोटं बोलून कोतवालाचं पोट भरलं नसतं. खऱ्या हाकांनी आधी पत कमवावी लागते. आणि आवाज आपल्याच माणसाचा वाटावा लागतो. म्हणूनच पक्षाच्या पत्रकापेक्षा आत्याने पाठवलेला फॉरवर्ड जास्त पळवतो. आत्याने परवा दिलेला गुडघेदुखीवरचा उपाय लागू पडलेला असतो ना.

फरक एवढाच की माणसं हाक ऐकून नेहमी पळूनच जातात असं नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजारचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी आवई त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव गेलेली. त्यातून कुणीतरी बोट दाखवलं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी एक चित्रफीत मुळात कराचीत बनवलेली होती. मुलांना जपा, असं सांगणारी जाहिरात. शेवटचा सांगण्याचा भाग कुणीतरी कापला आणि उरलेली हाक सोडून दिली.

राईनपाड्याच्या गर्दीतल्या प्रत्येकाला ते पाच जण चोरच वाटत होते का? काहींना वाटले असतील. काहींना फक्त एवढं दिसत होतं की बाकीच्यांना वाटतंय. अशा वेळी “थांबा, आधी पोलिसांना बोलवू” म्हणणारा पहिला माणूस चोरांचा साथीदार ठरतो. म्हणून दुसरा कोणी म्हणेल याची सगळे वाट बघतात. टपरीवाल्याचंच वाक्य. सांगायचं ते दुसऱ्या कुणी सांगू दे.

कर्नाळ्याहून फार लांब जायला नको, आपल्याच पनवेल तालुक्यातलं खारघर घ्या. १६ एप्रिल २०२३. अप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सरकारी सोहळा. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, मैदानात बसलेले, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि व्यासपीठावर मात्र छप्पर. उष्माघाताने १४ जण गेले. या मंडळींची शिस्त खोटी नाही. त्यांनी लावलेली झाडं, उपसलेल्या विहिरी, सोडवलेली व्यसनं ज्यांनी पाहिलीत ते त्यांना हसणार नाहीत. मीही हसत नाही. पण सरकारने त्या शिस्तीचं काय केलं ते बघा. दुपारी, उघड्यावर कार्यक्रम ठेवताना आयोजकांनी गृहीत धरलं की हे लोक उठणार नाहीत. दुसऱ्या कुठल्या सभेला हे धाडस झालं नसतं. तिथे माणसं तासाभरात वडापाव घेऊन घरी. चक्कर येतेय म्हणून लाखांच्या बैठकीतून पहिलं उठायला जो निबरपणा लागतो, तो बऱ्या माणसांत नसतो. शाळेपासून आपण तो काढूनच टाकतो. उलट बोलू नकोस, सगळे बसलेत ना, तूच कोण मोठा लागून गेलास?

कर्नाळा ओलांडला की तारा गाव. हायवेला लागूनच युसूफ मेहेरअली सेंटर आहे. नुसत्या साबण-तेलाच्या खरेदीसाठी थांबणारे बरेच. ज्याच्या नावाने हे सेंटर आहे तो माणूस मात्र घोषणांचा कारागीर होता. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं तेव्हा ‘सायमन गो बॅक’ ही आरोळी त्यांनी दिली, असं सांगतात. वय पुरतं पंचवीसही नव्हतं. १९४२ साली ते मुंबईचे महापौर होते आणि ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांचेच मानले जातात. म्हणजे ज्या रस्त्यावर सम्राटांची रांग लागलीय, त्याच रस्त्यावर या देशातल्या सगळ्यात यशस्वी दोन घोषणांच्या कर्त्याचं नाव आहे.

आता इथे प्रामाणिक राहायला हवं. ‘चले जाव’ हाही प्रचारच. आपण करतो ते प्रबोधन आणि समोरचा करतो तो अपप्रचार, ही वाटणी सोयीची आहे, पण तिने भागत नाही. दोन शब्दांत साम्राज्याचा हिशेब मांडणं हेही पटवून देणं नव्हेच. घोषणेत पुरावे नसतात. ती भावनेला हात घालते, पुन्हा पुन्हा म्हणायला लावते, गर्दीत म्हटली की अंगावर काटा आणते. फ्लेक्सची सगळी लक्षणं.

मग फरक कुठे? एक तर ही घोषणा देणाऱ्याला लाठी मिळायची. आता देणाऱ्याला तिकीट मिळतं. दुसरं असं की १९४२ साली दुसऱ्या बाजूची माहिती मिळवायला जीव धोक्यात घालावा लागत होता. ऑगस्टमध्ये चिमूरला गोऱ्या सैनिकांनी बायकांवर अत्याचार केले. ती बातमी छापायला वर्तमानपत्रांवर बंदी होती आणि ऑल इंडिया रेडिओ गप्प होता. उषा मेहता आणि त्यांचे कॉलेजातले सोबती मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते, ४२.३४ मीटरवर. चिमूरची हकीकत त्यावरून गेली. ऑल इंडिया रेडिओला बाई ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. नोव्हेंबरात पकडल्या गेल्या, आणि चार वर्षं तुरुंगात. त्या तीन महिन्यांत किती घरांत तो रेडिओ ऐकला गेला कोण जाणे. पण ऐकणाऱ्याला चिमूर कळलंच, शिवाय आणखी एक गोष्ट कळली: सगळे गप्प असले तरी सगळ्यांना हे मान्य नाही. सरकारची सगळी मदार लोकांना हे कळू न देण्यावर होती.

तारा गावातलं हे काम ज्यांनी उभं केलं ते डॉ. जी. जी. पारीख शंभर वर्षं जगले. १९४२ साली तुरुंगात गेले, आणि आणीबाणीत पुन्हा. एकदा इंग्रजांच्या आणि एकदा आपल्याच सरकारच्या. त्या एकवीस महिन्यांत आपल्याकडेही भिंती रंगल्या होत्या. शिस्त, वीस कलमं, कमी बोला जास्त काम करा. गाड्या वेळेवर धावतात, हे वाक्य आजही कुणीतरी काका कौतुकाने काढतात. गाडीत कोण नव्हतं, ते विचारलं की काकांना चहा आठवतो. लेखकांनी काय केलं? बऱ्याच जणांनी ललित लिहिलं.

डिसेंबर १९७५. कराडला साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. त्यांच्याच गावात, आणि तेव्हा ते केंद्रात मंत्री. जयप्रकाश नारायण अटकेतून नुकतेच सुटलेले, मुंबईत आजारी. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून सांगितलं की त्यांच्या प्रकृतीसाठी आपण उभं राहून प्रार्थना करू. घोषणा नाही, निषेधाचा ठराव नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना. मंडप उभा राहिला. यशवंतरावही उभे राहिले, असं त्या संमेलनाच्या आठवणींत सांगतात.

त्यातले किती जण पटलं म्हणून उठले आणि किती शेजारचा उठला म्हणून, ते कुणी मोजलेलं नाही. पुढच्या वर्षी बाईंना एशियाटिकच्या ग्रंथालयातून उचललं. मंडपातले बाकी सगळे सुखरूप घरी गेले होते.